टेबलावर चालतो, छातीवर तुटतो: ब्लूटूथ पॅचचं कनेक्शन सारखं का जातं?

तक्रार साधारण अशी असते. छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच तयार झाला, टेबलावर आठ-आठ तास अखंड चालला, डेमोत शाबासकीही मिळाली. मग तो माणसाच्या अंगावर लावला आणि दर पाच-दहा मिनिटांनी लिंक तुटायला लागली. फोनवर ‘डिस्कनेक्टेड’, थोड्या वेळाने आपोआप जोडणी, की पुन्हा तेच. त्यात भर म्हणजे सात दिवस चालेल असं गणित मांडलेली बॅटरी तिसऱ्या दिवशीच मान टाकते.

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि दोन वेगवेगळ्या बोर्डांवर तो मी स्वतःही भोगलाय. विचारणाऱ्याचं निदान बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं: ‘चिप दुबळी आहे, दुसरी बघू’ किंवा ‘ट्रान्समिट पॉवर वाढवू’. चिप बदलून हा आजार बरा झालेला मी अजून पाहिलेला नाही. पॉवर वाढवून तो चार दिवस दबतो, मग बॅटरीच्या रूपाने वर येतो.

गोची अशी की ही एक तक्रार नाही. माणसाचं अंग, पॅचमधलं घड्याळ आणि बटण सेल, या तिघांपैकी कोणीही बिघडलं तरी फोनला दिसतं ते एकच: पलीकडून आवाज यायचा थांबला. त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला देण्यात आठवडे जातात. आमचे सहा गेले.

खाली आकडे देताना मी नॉर्डिक कंपनीची एनआरएफ५२८३२ ही ब्लूटूथ चिप धरली आहे, कारण ती खूप वापरात आहे आणि तिचे आकडे मला पाठ आहेत. तुमची चिप दुसऱ्या कोणाची असली तरी आकडे थोडे इकडेतिकडे होतील, कारणं तीच राहतील.

सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी

डिस्कनेक्ट झालं की ब्लूटूथ स्टॅक, म्हणजे ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर, कारणाचा एक कोड देतो. तो बघा. हे सांगावं लागतं, कारण निम्म्या लोकांच्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) तो कोड लॉगच होत नाही. हेक्स १३ म्हणजे समोरच्याने मुद्दाम तोडलं. फोनच्या ॲपकडे वळा. हेक्स १६ म्हणजे आपल्याच बाजूने तोडलं. हेक्स ३डी आला तर एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांचा घोळ आहे, पेअरिंग दोन्हीकडून पुसून पुन्हा करा. हेक्स ३ई म्हणजे जोडणी पुरती जुळलीच नव्हती.

आणि हेक्स ०८ म्हणजे टाइमआउट. ठरलेल्या मुदतीत समोरून एकही पॅकेट आलं नाही. अंगावरच्या सेन्सरच्या तक्रारींत बहुतेक वेळा हाच निघतो, आणि तो जवळजवळ काहीच सांगत नाही. सिग्नल पोचला नाही तरी ०८, घड्याळ चुकलं तरी ०८, आणि सेलचं व्होल्टेज पडून पॅच रीसेट झाला तरी फोनला ०८च दिसतो, कारण बोलणारा मध्येच गायब झालेला असतो.

म्हणून पॅचच्या फर्मवेअरमध्ये तीन आकडे साठवायला लागा: किती वेळा रीसेट झाला, रेडिओ चालू असतानाचं सेलचं सगळ्यांत कमी व्होल्टेज किती, आणि फोनशी ठरल्या वेळी क्षणभर बोलायच्या भेटींपैकी किती हुकल्या. हे आकडे पुन्हा जोडणी झाली की वाचता येतील असे ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आम्ही ते सहाव्या आठवड्यात केलं, पहिल्यात करायला हवं होतं.

रीसेटचा आकडा वाढलेला दिसला तर थेट सेलच्या भागाकडे जा. या चिपमध्ये रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर असतं. त्यात एकही बिट लागलेला नसेल तर तो नव्याने पॉवर मिळाल्याचा किंवा व्होल्टेज पडल्याचा रीसेट असतो. बिट नाही म्हणून ‘काही झालंच नाही’ असं वाचू नका. आमच्याकडे एकाने तसंच वाचलं होतं.

अंग

आमचा एक पॅच एक काका वापरून बघत होते. रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालायला जाणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “घरात बरा चालतो रे, बाहेर पडलं की तुटतो.” आम्ही मनात म्हटलं, उलटं सांगताहेत. घरात वायफाय आहे, मायक्रोवेव्ह आहे, शेजाऱ्यांचे राउटर आहेत. गडबड घरात व्हायला हवी. टेकडीवर आहेच काय?

काहीच नाही, आणि तीच अडचण होती.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर भरते, आणि माणसाचं शरीर या लहरीला जवळजवळ खाऱ्या पाण्याच्या पखालीसारखं असतं. स्नायूत सव्वादोन सेंटीमीटर आत गेलं की तिची शक्ती साधारण आठवा हिस्सा उरते, म्हणजे सुमारे ९ डेसिबल गेले. वीस सेंटीमीटर जाडीचं धड या हिशेबाने ८० डेसिबलच्या घरातली भिंत होते. छातीवरच्या पॅचचा सिग्नल मागच्या खिशातल्या फोनला आरपार पोचतो ही कल्पनाच सोडून द्यावी. तो पोचतो तो अंगाला वळसा घालून, नाहीतर भिंत, छत, कपाट यांच्यावर आपटून. खोलीत आपटायला भरपूर जागा असते. टेकडीवरच्या मोकळ्या रानात फक्त वळसा उरतो, आणि तो फार महागात पडतो.

काकांच्या पॅचचे आकडे काढले तेव्हा खोलीत सिग्नल उणे ७० ते उणे ८० डीबीएमच्या दरम्यान होता (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). बाहेर, फोन मागच्या खिशात, तर उणे ९० च्या पलीकडे. या चिपची ऐकण्याची मर्यादा १ मेगाबिटच्या वेगाला उणे ९६ आहे. म्हणजे कडेलोटाच्या अगदी काठावर. फोन शर्टाच्या खिशात ठेवायला सांगितला तर लिंक सकाळभर तुटली नाही. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांत होते, आणि दोष अंगाचा की दुसऱ्या कशाचा हे तिथल्या तिथे कळतं. पॅच छातीवर, फोन आधी पुढच्या खिशात, मग मागच्या. दोन्ही वेळा मोकळ्या मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. इमारतीच्या आडोशाला नको, गाड्यांच्या रांगेजवळ तर नकोच.

एक सावधगिरी. आरएसएसआय, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, पोचलेल्या पॅकेटचाच असतो. जी पॅकेटं पोचलीच नाहीत ती सरासरीत येत नाहीत, म्हणून सरासरी खऱ्यापेक्षा गोड दिसते. यासाठीच वर हुकलेल्या भेटी मोजायला सांगितल्या.

आता उपाय. पहिला मोह ट्रान्समिट पॉवरचा. शून्यावरून अधिक ४ डीबीएम केलं तर ४ डेसिबल मिळतात आणि प्रक्षेपणाचा करंट ५.३ वरून साडेसात मिलिअँपिअरवर जातो. पण पॅचचं बोलणं फोनला ऐकू येणं हे अर्धंच काम झालं. फोनचं बोलणं पॅचला ऐकू आलं नाही तरी लिंक तुटतेच, आणि फोनची पॉवर तुमच्या हातात नाही. अँटेना सुधारली की दोन्ही दिशांना फायदा होतो. म्हणून आधी अँटेना.

बोर्डावरची छोटी अँटेना हवेत जुळवलेली असते. कातडीपासून दोन मिलिमीटरवर आणली की तिची फ्रीक्वेन्सी खाली सरकते आणि पाठवलेली शक्ती अंगात मुरते. व्हीएनएवर, म्हणजे अँटेना कोणत्या फ्रीक्वेन्सीला जुळली आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, हे डोळ्यांनी दिसतं: टेबलावर आलेखातली दरी बरोबर २४४० मेगाहर्ट्‌झवर, पॅच पोटाशी धरला की दरी डावीकडे पळते आणि उथळ होते. मॅचिंगचे दोन-तीन काँपोनंट बदलून ती परत आणायची, पण ती जुळवणी पॅच पूर्ण बांधून करायची. केस बंद, सेल आत, इलेक्ट्रोडच्या तारा जोडलेल्या, आणि पॅच अंगावर. उघड्या बोर्डावर केलेली सुंदर जुळवणी केस लावली की गेली समजा. दर वेळी शर्ट काढणारा माणूस मिळत नाही, तेव्हा मीठ घातलेल्या पाण्याची एक लिटरची बाटली चालते. अचूक नाही, पण दिशा बरोबर सांगते.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे अंतर. अँटेना आणि कातडी यांच्यात तीन मिलिमीटरचा फोम घातल्यावर आम्हाला पाच-सहा डेसिबल मिळाले, म्हणजे पॉवर वाढवून मिळणाऱ्यापेक्षा जास्त, आणि एकही मायक्रोअँपिअर न खर्चता. सेल कातडीच्या बाजूला आणि अँटेना कपड्याच्या बाजूला ठेवली तरी अंतर वाढतं. फक्त अँटेनाच्या तोंडाशी सेल येता कामा नये. वीस मिलिमीटर व्यासाची धातूची चकती आहे ती. आणि अँटेनाखालचं तांबं डेटाशीटमध्ये सांगितलंय तेवढं खरोखर काढलंय का ते गर्बर फाइल (बोर्डावरच्या तांब्याचा नकाशा) उघडून बघा. स्कीमॅटिक कितीही बघितलं तरी ते दिसणार नाही.

कानातल्या श्रवणयंत्रांत एका कानाचं दुसऱ्या कानाशी बोलणं चालतं, त्यासाठी बऱ्याच यंत्रांत २.४ गिगाहर्ट्‌झ वापरतच नाहीत. १० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र वापरतात, कारण ते डोक्यातून सहज पलीकडे जातं. शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आहे. २०१२ साली आलेल्या आयट्रिपलई ८०२.१५.६ या मानकात तर शरीरालाच तार समजून बोलायची सोय केली आहे. ब्लूटूथ आपण वापरतो ते लोकांच्या खिशातल्या फोनला तेच कळतं म्हणून. अंगाशी त्याचं कधी जमलेलंच नाही.

घड्याळ

फोम लावला, काकांची टेकडी सुटली, आणि तरी दुसऱ्या बोर्डावर तक्रार राहिली. तिथे फोन छातीपासून एक हातावर असला तरी लिंक तुटायची. सिग्नल उणे ६०. अंगाला दोष द्यायला जागाच नव्हती.

ब्लूटूथ लो एनर्जीत बॅटरी वाचते ती झोपून. फोन आणि पॅच यांनी भेटीची वेळ ठरवलेली असते, समजा दर ४०० मिलिसेकंदांनी; हा इंटरव्हल. शिवाय पॅचला काही भेटी बुडवायची मुभा देता येते, तिला लेटन्सी म्हणतात. लेटन्सी ४ असेल तर पॅच चार भेटी झोपून काढतो आणि पाचवीला, म्हणजे दोन सेकंदांनी, उठतो. या दोन सेकंदांत वेळ कोण पाळतं? ३२.७६८ किलोहर्ट्‌झचं क्रिस्टल. आणि पैसे वाचवायला ते क्रिस्टल काढून टाकलं असेल तर चिपच्या पोटातला आरसी ऑसिलेटर, म्हणजे रोध आणि कपॅसिटरवर चालणारं कामचलाऊ घड्याळ.

क्रिस्टलची चूक २० पीपीएमच्या (दशलक्षात २० भागांच्या) आत राहते. आरसी नियमित कॅलिब्रेट केला तरी ५०० पीपीएमपर्यंत चुकू शकतो. घड्याळ किती चुकेल हे फर्मवेअरमध्ये सांगावं लागतं. पॅच फोनच्या नि स्वतःच्या चुकीची बेरीज करून तेवढा वेळ आधी कान उघडतो आणि तेवढाच नंतर मिटतो. आता मेख बघा. आमच्या बोर्डावर खर्च कमी करताना क्रिस्टल काढलं गेलं, कॉन्फिगरेशनमध्ये आकडा मात्र २० पीपीएमच राहिला. जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली फाइल होती.

हिशेब असा. फोनचे ५० आणि आपले २० मिळून ७० पीपीएम. दोन सेकंदांत होतात ०.१४ मिलिसेकंद, म्हणजे पॅच अलीकडे-पलीकडे तेवढाच ऐकत होता. पण आरसी ५०० पीपीएम चुकला तर दोन सेकंदांत पूर्ण १ मिलिसेकंद सरकतो. फोन येऊन बोलून गेला तरी पॅच अजून उठायचाच, किंवा आधीच उठून पुन्हा झोपलेला.

आणि टेबलावरच्या डेमोत हे का दिसलं नाही? कारण डेमोत इंटरव्हल ३० मिलिसेकंद होता आणि लेटन्सी शून्य. ३० मिलिसेकंदांत तोच ऑसिलेटर फक्त १५ मायक्रोसेकंद सरकतो, आणि तेवढी सूट प्रोटोकॉलमध्ये सगळ्यांनाच असते. बॅटरी वाचवायला आकडे वाढवले त्याच दिवशी लिंक तुटायला लागली. पण त्याच दिवशी पॅच पहिल्यांदा अंगावरही लावला होता, त्यामुळे सगळ्यांचं बोट अंगाकडे गेलं.

अंगाचा हात त्यात होताही, पण निराळ्या वाटेने. आरसी ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो. एसीतल्या टेबलावर २४ अंश, कातडीवर ३३-३४. पॅच चिकटवल्यानंतरची पहिली दहा मिनिटं तो सतत तापत असतो, आणि कॅलिब्रेशन क्वचित होत असेल तर नेमक्या त्याच दहा मिनिटांत लिंक तुटते. ‘लावल्या-लावल्या तुटतो, मग सुधारतो’ अशी तक्रार ऐकली की मी आधी कॅलिब्रेशनची सेटिंग विचारतो. दर चार सेकंदांनी, किंवा तापमान अर्ध्या अंशाने हललं की, कॅलिब्रेशन व्हायला हवं. क्रिस्टलला हा त्रास जवळजवळ नाही; ३५ अंशांवर ते साडेतीन पीपीएमही हलत नाही.

माझं मत विचाराल तर अंगावरच्या पॅचमध्ये क्रिस्टल काढू नका. काही रुपये वाचतात, पण ५०० पीपीएम प्रामाणिकपणे सांगितलं की प्रत्येक भेटीला कान जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि ऐकण्याचा करंट ५.४ मिलिअँपिअर आहे. वाचवलेले रुपये सेल वसूल करतो.

क्रिस्टल असूनही घड्याळ बंद पडू शकतं, हेही सांगून ठेवतो. त्या दोन पिनांवरचा सिग्नल इतका नाजूक असतो की बोर्डावर राहिलेला फ्लक्स आणि पावसाळी दमट हवा एवढ्याने तो बसतो. जूनपासून तक्रारी वाढल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश घेऊन क्रिस्टलच्या आजूबाजूची जागा धुवा, वाळवा, मग बोला. घामाचंही तेच. केस बंद दिसते म्हणून ओल आत जात नाही असं नाही.

इंटरव्हल, लेटन्सी आणि टाइमआउट हे तिन्ही आकडे एकत्र ठरवायचे असतात. टाइमआउट हा इंटरव्हल गुणिले (लेटन्सी अधिक एक) गुणिले दोन यापेक्षा मोठा असलाच पाहिजे, नाहीतर विनंतीच फेटाळली जाते. ४०० आणि ४ धरले तर चार सेकंदांच्या वर. लोक पाच ठेवतात आणि खूश होतात. पण मागच्या यशस्वी भेटीनंतर पहिले दोन सेकंद पॅच झोपलेलाच असतो. फोन हाका मारतोय तरी उत्तर नाही. उरलेल्या तीन सेकंदांत माणूस खाली वाकला, कुशीवर वळला, लिफ्टमध्ये शिरला की संपलं. मी हल्ली ७५ मिलिसेकंद, लेटन्सी ४, टाइमआउट ५ सेकंद असं ठेवतो. उठणं दर ३७५ मिलिसेकंदांनी, आणि तुटायच्या आधी पुष्कळ संधी. ७५ अशासाठी की आयफोनला १५ च्या पटीतले आकडे रुचतात.

इथेच बॅटरीचं कोडंही सुटतं. लेटन्सीनंतरची भेट हुकली की पॅच झोपायची मुभा सोडतो आणि फोनचा आवाज येईपर्यंत प्रत्येक भेटीला उठतो. हुकली, उठला, हुकली, उठला. त्यात न पोचलेली पॅकेटं पुन्हा पाठवायची. आणि लिंक तुटलीच तर फोनने लवकर ओळखावं म्हणून भराभर ॲडव्हर्टायझिंग, म्हणजे ‘मी इथे आहे’ अशा हाका. सात दिवसांची बॅटरी तीन दिवसांत संपत असेल तर आधी लिंक बघा. दोन्ही तक्रारी बऱ्याचदा एकाच खड्ड्यातून आलेल्या असतात.

बटण सेल

सीआर२०३२ या बटण सेलवर २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास आकडा असतो. तो हळूहळू, मायक्रोअँपिअरांनी पिणाऱ्यासाठी आहे. रेडिओ आणि प्रोसेसर एकदम जागे झाले की १० मिलिअँपिअरचा घोट लागतो, आणि सेलचा अंतर्गत रोध आड येतो. नव्या सेलमध्ये तो दहा-पंधरा ओहम, म्हणजे व्होल्टेज ०.१५ ने पडलं, काही बिघडत नाही. सेल उतरत आला की तोच १०० ओहमच्या घरात जातो. मग २.७ व्होल्ट दाखवणारा सेल त्या घोटाला १.७ वर येतो, आणि १.७ ला चिपची हद्द संपते. मल्टिमीटर लावलात तर २.७ च दिसेल, कारण तो घोट दोन मिलिसेकंदांत होऊन जातो. इथे ऑसिलोस्कोपच हवा. पल्स ऑक्सिमेट्रीचे एलईडी असतील तर प्रश्न आणखी तीव्र. ते आणि रेडिओ एकाच क्षणी चालू होणार नाहीत असं वेळापत्रक फर्मवेअरमध्ये लावा.

सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर १० मिलिअँपिअरचा दोन मिलिसेकंदांचा घोट पूर्ण त्याच्यातून गेला तरी ०.२ व्होल्टच पडतात. मात्र छोट्या आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर ३ व्होल्टवर आपल्या कपॅसिटन्सचा मोठा भाग गमावतो; पाकिटावरचे १०० बोर्डावर ४० निघाले तर नवल नाही. आणि गळती जास्त असलेला कपॅसिटर झोपेतल्या मायक्रोअँपिअरांच्या बचतीवर पाणी फिरवतो. डेटाशीटमधली गळतीची ओळ वाचून घ्या.

रीसेट नाही, लिंक ठणठणीत, तरी सेल संपतो

मग पॅच झोपतच नाहीये. आधी प्रोग्रामर काढा, आणि सेल काढून पुन्हा घाला. प्रोग्रॅम टाकल्यावर डीबगचा भाग जागाच राहतो आणि पूर्ण पॉवर जाईपर्यंत करंट खातो. याच अवस्थेत करंट मोजून ‘डेटाशीट खोटं आहे’ म्हणणारे मी पाहिलेत, एकदा आरशातही. मग यूएआरटी, म्हणजे चिपचा सिरियल पोर्ट. लॉगसाठी चालू ठेवलेला यूएआरटी ऐकत बसला की चिपचं मोठं, वेगवान घड्याळ बंद होत नाही आणि करंट शेकडो मायक्रोअँपिअरवर राहतो.

तिसरी गोष्ट ईसीजीवाल्यांना हमखास भेटते. फिल्टरसाठी फ्लोटिंग पॉइंट (दशांशांची गणितं) वापरला की ती करणाऱ्या युनिटचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला उठवणारा इशारा, प्रलंबित राहू शकतो आणि प्रोसेसर झोपायला गेला की लगेच उठतो. चिपच्या प्रसिद्ध झालेल्या दोष-यादीत हे ८७ क्रमांकावर आहे, उपायासकट: झोपण्याआधी ते फ्लॅग आणि प्रलंबित इंटरप्ट पुसायचे. दोन-तीन ओळींचा कोड. दोष-यादी वाचायचा कंटाळा आमचाच होता.

करंट मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवर मोजू नका. त्या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रोध इतका असतो की रेडिओ उठताक्षणी पॅच रीसेट होतो. मग तुम्ही मीटरमुळे झालेला आजार शोधत बसता. पॉवर प्रोफायलर किट (क्षणाक्षणाचा करंट नोंदवणारं यंत्र) घ्या. उधार मिळालं तर उधार.

फोन

फोनबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडवर ॲप मागे गेलं की काही वेळाने सिस्टिम त्याला झोपवते, म्हणून कायम दिसणाऱ्या नोटिफिकेशनसह फोरग्राउंड सर्व्हिस हवी, आणि फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ॲपला वगळायला हवं. काही फोन त्यावरही ॲप मारतात. तिथे वापरणाऱ्याला स्क्रीनशॉट दाखवून सेटिंग करवून घेण्यावाचून इलाज नाही. अँड्रॉइडने एरर म्हणून स्थिती १३३ दाखवली तर जीएटीटी (ॲपची ब्लूटूथ जोडणी) पूर्ण बंद करून, क्षणभर थांबून नवीन जोडणी करा. वायफायच्या गर्दीची मला फारशी काळजी वाटत नाही. डेटाच्या ३७ चॅनेलांपैकी खराब असतील ती फोन टाळत जातो.

तरीही तुटेल

हे सगळं करूनही काकांचा पॅच आठवड्यातून दोन-तीनदा तुटतोच. पालथं झोपल्यावर बहुतेक. गादी, छाती, मध्ये पॅच, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. त्यावर अँटेनाचं कौशल्य चालत नाही.

तेव्हा लिंक तुटणार असं धरूनच फर्मवेअर लिहा. ईसीजीचे सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ५०० बाइट. अर्ध्या मिनिटाला १५ किलोबाइट लागतात. चिपमध्ये रॅम ६४ किलोबाइट आहे. स्टॅक आणि बाकीचं वजा जाता अर्धं मिनिट सहज साठवता येतं, बाहेरची फ्लॅश लावली तर रात्रभर. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक घाला. तो नसेल तर फोनवरचं ॲप गाळलेल्या भागाच्या दोन्ही कडा चिकटवून टाकतं, किंवा मधली जागा सपाट रेषेने भरतं. सपाट रेषा पाहून डॉक्टर काय समजतील याचा विचार करा. हृदय थांबलं होतं की ब्लूटूथ, हे त्या आलेखावरून त्यांना कळायची सोय तुम्हीच ठेवायला हवी. आमच्या ॲपमध्ये आता तिथे राखाडी पट्टा येतो, आणि साठवलेला डेटा आला की तो भरतो.

एवढं करूनही अडलात तर विचारताना कारणाचा कोड, रीसेटचा आकडा, रेडिओ चालू असतानाचं व्होल्टेज, हुकलेल्या भेटी, इंटरव्हल-लेटन्सी-टाइमआउट हे तिन्ही आकडे, आणि क्रिस्टल आहे की आरसी, एवढं लिहा. अंगावर लावलेल्या पॅचचा एक फोटोही पाठवा. मागच्या वेळी एकाच्या फोटोत पॅच उलटा चिकटवलेला होता. अँटेना कातडीकडे.